‘मृत’ लिहिण्याआधी आणखी तीन रकाने आखा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

२४ वर्षांची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली एक वाचक रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळसड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) संशोधन सहायक म्हणून काम करते. एका कंदवर्गीय वनस्पतीची रोपं वर्षागणिक किती जगतात, किती वाढतात, किती नवी येतात, हे त्या प्रोजेक्टमध्ये पाहिलं जातं. गेल्या पावसाळ्यात तिने १ मीटर बाय १ मीटरच्या १२ क्वाड्रॅटमध्ये (मोजणीसाठी आखलेल्या चौकोनांत) २४० रोपांना क्रमांकाचे टॅग लावले. यंदा त्यातली १८७च सापडली. उरलेल्या ५३ पैकी ३३ ठिकाणी टॅग आहे पण रोप नाही, १४ ठिकाणी टॅगही नाही आणि ६ ठिकाणी माती उकरलेली आहे. डेटाशीटवर मात्र दोनच रकाने आहेत: ‘जिवंत’ आणि ‘मृत’. पीएच.डी. करणाऱ्या ताईंना आठवडाभरात तक्ता हवा आहे. सगळी ५३ ‘मृत’ लिहावीत, की टॅगजवळ दिसणाऱ्या बिनटॅगच्या रोपाला तोच नंबर द्यावा? आपलंच काही चुकलं असावं या भीतीने ती गेले दोन रविवार कुणाला न सांगता एकटीच सड्यावर जाऊन शोधून आली. आई म्हणते, ‘गवत मोजायला एम.एस्सी. केलंस का? बी.एड. कर.’ आता तिलाही वाटू लागलंय की आपण या कामाच्या लायक नाही.

उत्तर:

आधी एक गोष्ट. एकटीने सड्यावर जाणं आजपासून बंद करा. उघड्या कातळावर पावसाळ्यात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदही जात नसतील, तर सडा सोडायची वेळ झाली. एकट्यादुकट्या झाडाखाली थांबायचं नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जायचं नाही. दुसरी भीती फुरशाची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या दगडांखाली ते हमखास असतं आणि हरवलेला टॅग शोधताना आपण नेमका दगडच उचलतो. हाताने उचलू नका. काठीने दगडाची पलीकडची कड स्वतःच्या दिशेने उचला, म्हणजे खाली काही असलं तर ते समोर निघून जाईल. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करायचं नाही. अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं, पण ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. जवळ कुठे मिळतं ते हंगामाआधीच विचारून ठेवायचं असतं. दंश झालेल्या एकट्या माणसाला सडा उतरून तिथवर पोचवणार कोण?

आता ५३ रोपांकडे वळू.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं तुम्ही सहज लिहून गेला आहात: ३३, १४ आणि ६ ही वाटणी. डेटाशीटवर रकाना नसताना तुम्ही ती डायरीत ठेवलीत. या कामाला लायक नसलेला माणूस हे करत नाही. तो ५३चा आकडा लिहून मोकळा होतो. तेव्हा लायकीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा.

तुमच्या भीतीच्या मुळाशी एक समजूत दिसते आणि ती तुमची एकटीची नाही: झाड जागचं हलत नाही, म्हणजे ते सापडलं नाही तर ते मेलं तरी असणार, नाहीतर शोधणाऱ्याने नीट शोधलं नसणार. सागाच्या झाडाला हे लागू पडेल. कंदवर्गीय रोपाला पडत नाही. पाऊस सरला की त्याची पानं वाळतात आणि वर्षातले सात-आठ महिने ते निव्वळ कंद म्हणून मातीत असतं. मे महिन्यात त्याच १२ क्वाड्रॅटवर गेलात तर २४० पैकी एकही रोप दिसणार नाही. तेव्हा आपण सगळी मेली असं म्हणत नाही, कारण पाऊस पडला की ती वर येतात हे आपल्याला माहीत असतं. मग एका पावसाळ्यात दिसलं नाही एवढ्यावरून ‘मृत’ कसं लिहायचं? जमिनीतून उगवणाऱ्या आमरींवर, म्हणजे ऑर्किडांवर, युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षं खुणा करून झालेल्या मोजण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे की रोप एखादं वर्ष, कधी सलग दोन-तीन वर्षंही, जमिनीवर पानच काढत नाही आणि नंतर त्याच जागी उगवतं. तुमची वनस्पती असं करते की नाही, हे तुमच्याच नोंदींतून कळणार आहे. पण या वर्षी ‘मृत’ लिहून टाकलंत आणि पुढच्या वर्षी तिथे कुणी पाहिलंच नाही, तर ते कधीच कळणार नाही.

(वनस्पतीचं नाव तुम्ही कळवलं होतं, ते मी इथे मुद्दाम देत नाही. दीपकाडीसारख्या सड्यावरच्या दुर्मीळ कंदांची नेमकी जागा आणि नाव एकत्र छापलं की उपटून नेणारेही ते वाचतात. तुम्हीही क्वाड्रॅटचे फोटो टाकताना फोनमधलं लोकेशन बंद ठेवत जा.)

एका शब्दाने इतका काय फरक पडतो, ते तुमच्याच आकड्यांवर पाहा. सगळी ५३ मेली असं धरलं तर वर्षभरात जगण्याचं प्रमाण १८७ भागिले २४०, म्हणजे ०.७८. मरण्याचा दर दरवर्षी तोच राहतो असं मानलं, तर एका रोपाचं सरासरी आयुष्य १ भागिले मरण्याचा दर, म्हणजे साडेचार वर्षं येतं.

आता तुमची वाटणी वापरू. टॅगच नसलेल्या १४ रोपांबद्दल आपल्याला काहीच सांगता येत नाही. ती कदाचित सापडलेल्या बिनटॅगच्या रोपांत उभी असतील. ती हिशेबातून काढली की उरतात २२६. त्यातली ६ उकरलेली, ती बहुधा गेली. राहिली ३३. ही सगळी मेली असं धरलं तर जगण्याचं प्रमाण १८७ भागिले २२६, म्हणजे ०.८३, आणि सरासरी आयुष्य सुमारे ६ वर्षं. सगळी मातीत झोपलेली आहेत असं धरलं तर २२० भागिले २२६, म्हणजे ०.९७, आणि आयुष्य जवळजवळ ३८ वर्षं. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. दीर्घायुषी वनस्पतींत संख्येची वाढ-घट सगळ्यात जास्त कशावर हलत असेल तर मोठ्या रोपांच्या जगण्यावर. साडेचार वर्षं जगणाऱ्या रोपाला टिकायला दरवर्षी भरपूर नवी रोपं लागतात, ३८ वर्षं जगणाऱ्याला मोजकी पुरतात. म्हणजे ‘मृत’ हा एक शब्द लिहिल्याने सडा धोक्यात आहे की नाही याचा निष्कर्ष उलटू शकतो.

या हिशेबात एक कच्चा दुवा आहे, तो ताईंना आवर्जून सांगा. १४ रोपं बाजूला काढताना आपण असं धरतो की टॅग जाणं आणि रोप मरणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. रानडुकराने कंद उकरताना टॅगही उडवला असेल तर ते खरं नाही. म्हणून त्या १४ जागांच्या आसपास उकरल्याच्या खुणा होत्या का, ते डायरीत पाहा.

आता शेजारच्या रोपाला नंबर देण्याचा विचार. तो का सुचतो ते समजतं. टॅगपासून चार बोटांवर रोप आहे, टॅग पावसात सरकला असेल, असं मनाला पटवता येतं. पण हे करू नका. गेल्या वर्षी ५१ नंबरच्या रोपाला पाच पानं होती आणि यंदा तुम्ही तो नंबर दोन पानांच्या रोपाला दिलात, तर तक्त्यात ते रोप ‘आक्रसलं’ असं दिसेल. कंदवर्गीय रोपं वाईट वर्षी खरोखरच आक्रसतात, त्यामुळे ही चूक कुणाच्या डोळ्यांत येणार नाही. ‘मृत’ लिहिण्याची चूक पुढच्या वर्षी रोप उगवलं तर सुधारता तरी येते. ही कायमची मुरते.

टॅग खरंच सरकला असेल तर? गेल्या वर्षी प्रत्येक रोपाची जागा क्वाड्रॅटच्या कोपऱ्यापासून सेंटिमीटरमध्ये (आडवं अंतर आणि उभं अंतर) लिहिली असेल, तर ओळख पटवण्याचा नियम आधी ठरवा आणि मगच रोपांकडे पाहा. उदाहरणार्थ: नोंदलेल्या जागेच्या ३ सेंटिमीटरच्या आत एकच रोप असेल आणि १० सेंटिमीटरच्या आत त्याच जातीचं दुसरं कुठलंच नसेल, तरच तो नंबर द्यायचा आणि शेरा लिहायचा ‘जागेवरून ओळखलं’. नाहीतर नवा नंबर. नियम आधी ठरवायचा तो अशासाठी, की रोप समोर दिसल्यावर ३ सेंटिमीटरचे ५ कधी होतात ते आपलं आपल्यालाही कळत नाही.

आणि उकरून पाहू नका. ३३ पैकी दोन-चार ठिकाणी खणून कंद आहे का ते बघावं, हा मोह सगळ्यांना होतो. सड्यावर माती मुळात काही सेंटिमीटरच असते. ती हलवली की कंद उघडा पडतो, मुळं तुटतात आणि आपणच त्याला मारून ‘मृत’चा पुरावा गोळा करतो.

‘सापडलं नाही’ यातही दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक, रोप जमिनीवर आहे पण आपल्या नजरेतून सुटलं. दोन, जमिनीच्या वर काही आलेलंच नाही. पहिलीचं माप यंदाच, चार दिवसांत घेता येतं. दुसरीसाठी पुढचा पावसाळा लागतो.

पहिलीसाठी दोन माणसांची स्वतंत्र मोजणी करा. १२ पैकी ४ क्वाड्रॅट निवडा, निवड चिठ्ठ्या टाकून. तुम्ही एकदा मोजा. मग तुमच्यासोबतच्या मदतनिसाने, तुमचं शीट न पाहता आणि तुमची बोटं कुठे जातात ते न बघता, त्याच दिवशी मोजावं. प्रत्येकाला प्रति क्वाड्रॅट तेवढाच वेळ द्या. २० मिनिटं ठरली तर दोघांना २०. समजा तुम्हाला ६० रोपं सापडली, त्याला ५५ आणि दोघांनाही सापडलेली ५० आहेत. मग त्याच्या ५५ पैकी ५० तुम्हाला दिसली, म्हणजे तुमची नजर ०.९१. तुमच्या ६० पैकी त्याला ५० दिसली, त्याची ०.८३. एकूण अंदाज ६० गुणिले ५५ भागिले ५०, म्हणजे ६६. दोघांनी मिळून ६५ पाहिली, सुटलं असेल तर एखादंच. असा आकडा आला तर तुमचं शोधणं नीट आहे आणि ३३ मधली बरीचशी खरोखरच जमिनीवर आलेली नाहीत, असं म्हणायला आधार मिळतो. आकडा वाईट आला तर बाराही क्वाड्रॅट पुन्हा पाहायला हवेत, आणि तेही यंदाच, पानं हिरवी असताना.

हा हिशेब फुलावर आलेल्या, नुसत्या पानांच्या आणि एकाच पानाच्या रोपांसाठी वेगवेगळा करा. फुलाचा दांडा लांबून दिसतो, एक पान गवतात दिसत नाही. सगळं एकत्र केलं तर मोठ्या रोपांची चांगली नजर लहानांची वाईट नजर झाकते. आणि गवताच्या झुबक्याखाली गेलेलं रोप दोघांनाही तितकंच अवघड असतं, त्यामुळे हा अंदाज नेहमी थोडा कमीच येतो, हेही ध्यानात असू द्या.

तुम्ही यंदा कोणत्या तारखेला मोजलंत ते पत्रात नाही, पण शंका तिथेच येते. पुष्कळ प्रोजेक्टमध्ये ‘गेल्या वर्षी ५ जुलैला मोजलं, यंदाही ५ जुलै’ असं चालतं. रोप कॅलेंडर बघत नाही. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला, २०२५ मध्ये २६ मेला. एका महिन्याचा फरक! उशिराच्या वर्षी ५ जुलैला अर्धी रोपं अजून उगवायची असतात आणि लवकरच्या वर्षी त्याच तारखेला गवत गुडघ्यापर्यंत येऊन लहान रोपं गिळून बसलेलं असतं. मोजणीची तारीख पावसावरून ठरवा: सड्यावर पहिला सलग पाऊस लागल्यापासून इतके दिवस, असं. शक्य असेल तर एकाच हंगामात तीन आठवड्यांच्या अंतराने दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत न दिसलेली आणि दुसरीत दिसलेली रोपं ही उशिरा उगवणारी किंवा आधी नजरेतून सुटलेली, त्यांना तुम्ही उगाच मारत होता. यंदाची दुसरी फेरी अजून करता येत असेल तर तक्ता देण्याआधी तीच करा.

आता शीट. दोन रकान्यांच्या जागी हे पाच पुरतील. ‘जिवंत’. ‘मृत, पुरावा आहे’ (कुजलेला कंद दिसला, किंवा उकरलेला खड्डा आणि कंदाची सालं). ‘टॅग आहे, रोप नाही’. ‘टॅग नाही’. ‘पाहिलं नाही’, म्हणजे पावसाने पळ काढावा लागला आणि त्या क्वाड्रॅटपर्यंत पोचलोच नाही. शेवटचा रकाना फालतू वाटेल, पण कोरी जागा ही फिल्डमधली सगळ्यात घातक नोंद असते. सहा महिन्यांनी तिचा अर्थ शून्य, मृत, की विसरलो, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. पुराव्याच्या पुढे कारणासाठी थोडी जागा ठेवा: चरलेलं, तुडवलेलं, उकरलेलं, माती वाहून गेलेली. गुरांनी चरलेल्या रोपाचं कापल्यासारखं बूड मातीलगत राहतं. मान वाकवून पाहिलं नाही तर ते ‘रोप नाही’मध्ये जातं. ३३ मधल्या किती ठिकाणी तुम्ही गुडघे टेकून, गवत बोटांनी बाजूला सारून पाहिलंत, ते आठवा.

शीट पेन्सिलनेच भरा, जेल पेन पहिल्या सरीत पसरतं. चूक झाली तर खोडरबर नको, एक आडवी रेघ मारा आणि बाजूला बरोबर आकडा लिहा, खालचा वाचता यायला हवा. मोजणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ वर लिहा आणि सडा उतरण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. गेल्या वर्षीचं शीट सोबत न्यावं का, हा वाद जुना आहे. माझं मत: जागेचा नकाशा न्या, पानांची लांबी नेऊ नका. लांबी समोर दिसली की आपण नकळत तिच्या जवळचाच आकडा वाचतो. मोजून झाल्यावर मात्र मागच्या आकड्याशी तिथेच ताडून पाहा. ४२ मिलिमीटरचे ४२० झाले असतील तर ते सड्यावरच सुधारता येतं, घरी नाही. शिवाय दर दहामागे एक रोप, दुसऱ्या दिवशी, पहिला आकडा न बघता पुन्हा मोजा. दोन मापांत ५ मिलिमीटरचा फरक येत असेल तर ‘रोप ३ मिलिमीटर वाढलं’ या नोंदीला अर्थ उरत नाही.

टॅग जाण्याचं प्रमाण, २४० पैकी १४, फार वाईट नाही, पण कमी करता येईल. मार्करने लिहिलेला नंबर एका उन्हाळ्यात उडतो. मऊ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर ठोकून काढावा किंवा खिळ्याच्या टोकाने दाबून कोरावा. चकाकणारा टॅग पोरं उचलतात, म्हणून पट्टी पॉलिश पेपरने घासून मंद करा. साधा लोखंडी खिळा गंजून जातो आणि जांभ्यात तो ठोकताना दगडच कपचा सोडतो. मातीच्या खळग्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा चालतो. उघड्या कातळावर दगडी ड्रिलने छोटं भोक, त्यात प्लास्टिकचा गुट्टा आणि स्क्रू. टॅग सगळ्या रोपांच्या एकाच बाजूला, एकाच अंतरावर असला पाहिजे: उत्तरेला ३ सेंटिमीटर ठरलं की सगळीकडे तेच. एकाने उत्तरेला आणि दुसऱ्याने सोयीने लावले तर पुढच्या वर्षी तिसऱ्याला काय कळणार? आणि खिळा अगदी बुडाला लागून ठोकू नका, तो सरळ कंदात जातो.

हरवलेले खिळे मेटल डिटेक्टरने शोधावेत असं कुणी सुचवेल. मातीच्या कुरणात तो उपयोगी पडतो. जांभ्यात लोह इतकं असतं की साधं यंत्र जागोजागी वाजत राहतं. फोनच्या जीपीएसवरही विसंबू नका, मोकळ्या आकाशाखालीही तो ३ ते ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो. त्याने क्वाड्रॅट सापडेल, रोप नाही. क्वाड्रॅटचे दोन कोपरे कायमचे पक्के करा आणि जवळच्या दोन न हलणाऱ्या खुणांपासून, एखाद्या मोठ्या दगडावरचा रंगाचा ठिपका वगैरे, टेपने अंतरं घेऊन ठेवा. टेप आडवा, ताणलेला धरा आणि क्वाड्रॅट त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे तेही लिहा. दोन अंतरांवरून दोन जागा निघतात.

‘टॅग आहे, रोप नाही’ असे ३३ टॅग काढू नका. ते नंबर दुसऱ्या रोपाला देऊ नका. पुढचे निदान दोन पावसाळे प्रत्येक मोजणीत त्या जागा पाहायच्या आणि नसेल तर ‘नाही’ लिहायचं. सलग तीन हंगाम नाही दिसलं तर त्यानंतर ‘मृत’ मानायचं की नाही, हे ताई आणि त्यांचे गाईड ठरवतील. तुमचं काम त्यांना ठरवता येईल अशी नोंद देणं. खुणा केलेली रोपं कोणत्या वर्षी दिसली आणि कोणत्या वर्षी नाही, यावरून जगण्याचा आणि दिसण्याचा दर वेगवेगळा काढायच्या रीती आहेत. प्राणी पकडून, खूण करून सोडणाऱ्यांनी त्या बसवल्या आणि त्या झाडांनाही चालतात. त्यांना दरवर्षीची ‘दिसलं/नाही’ अशी ओळ लागते. ‘मृत’ लिहिलं की ती ओळ तुटते.

आणखी एकाला विचारा: त्या सड्यावर गुरं नेणाऱ्या गुराख्याला. डुक्कर कधी येऊन गेलं, वणवा कुठून कुठवर गेला, कोणाचं पोर खिळे गोळा करत होतं, हे त्याला ठाऊक असतं. सडे बहुतेक खाजगी किंवा सामायिक मालकीचे असतात. मालक आंब्याचे खड्डे मारायचा विचार करतोय का, हेही तिथेच कळेल, क्वाड्रॅट जाण्याआधी.

ताईंना सांगायचं कसं? तक्त्याची तारीख उलटायची वाट पाहू नका, आजच मेसेज करा. लांबलचक माफी नको. एवढं पुरे: “ताई, २४० पैकी १८७ सापडली. ३३ ठिकाणी टॅग आहे रोप नाही, १४ ठिकाणी टॅग नाही, ६ उकरलेली. शीटवर याला रकाने नाहीत, म्हणून ‘मृत’ लिहिलेलं नाही. ४ क्वाड्रॅटची दुबार मोजणी आणि एक उशिराची फेरी करायची आहे, ४ दिवस लागतील. करू का? दोन रविवार मी एकटी जाऊन शोधलं, त्या नोंदी वेगळ्या ठेवल्या आहेत.” शेवटचं वाक्य गाळू नका. त्या दोन रविवारी ज्या क्वाड्रॅटमध्ये तुम्ही जास्त वेळ शोधलंत तिथे जास्त रोपं सापडली असणार, आणि ते ताईंना माहीत नसेल तर त्या क्वाड्रॅटमध्ये रोपं जास्त जगतात असा भलताच अर्थ निघेल. ताई वैतागतील का? कदाचित. दोन रकान्यांचं शीट त्यांनीच केलं असेल तर चपापतीलही. पण त्यांच्या प्रबंधाच्या परीक्षकाने तीन वर्षांनी हाच प्रश्न विचारण्यापेक्षा आत्ता तुम्ही सांगितलेलं त्यांना स्वस्त पडेल. आणि त्या ‘सगळी मृत लिही’ म्हणाल्या, तर तक्ता त्यांच्या म्हणण्याप्रमाणे द्या, पण मूळ शीटवर पाच रकान्यांचीच नोंद राहू द्या आणि तिचे फोटो दोघींकडेही असू द्या.

आता आईचं म्हणणं. त्या चुकीचं बोलत नाहीत. प्रोजेक्टवरची नेमणूक मुदतीची असते, प्रोजेक्ट संपला की संपते, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रोजेक्ट तीन वर्षांचे. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते. तीन वर्षांच्या प्रोजेक्टला तिचं फूल दिसलं तर नशीब. वनस्पतींचा काळ आणि अनुदानाचा काळ जुळत नाही, ही या कामातली खरी अडचण आहे आणि तिचा भार तुमच्यासारख्यांच्या पगारावर पडतो. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. सहायकाला बहुधा त्याहून कमी. बी.एड. करावं का, याचं उत्तर मी देणार नाही. पण ते या ५३ रोपांच्या धसक्यात ठरवू नका. हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरात, घरी बसून ठरवा. तोपर्यंत दोन गोष्टी मागून घ्या. एक, अनुभवाचं पत्र, ज्यात ‘मदत केली’ असं मोघम नसेल, तर किती क्वाड्रॅट, किती रोपं, किती हंगाम, कोणती मोजमापं हे लिहिलेलं असेल. दोन, या नोंदींवरून लेख निघाला तर नाव कुठे येईल, लेखकांत की आभारांत, याचं उत्तर. ही विचारणा उद्धटपणाची नाही, मात्र ती लेख लिहून झाल्यावर नव्हे, आत्ता करायची असते.

आणि बी.एड. करायचं ठरलंच, तर निघण्याआधी पुढच्या सहायकासाठी दोन पानं लिहून फाईलला लावा: टॅग कोणत्या बाजूला आहेत, कोणत्या क्वाड्रॅटचा कोपरा सरकलाय, जागेवरून ओळखण्याचा नियम काय ठरला, दवाखाना कुठला, गुराख्याला कुठे गाठायचं, आणि त्या ३३ जागांचे नंबर.